शेरीफसाहेबांची दुसरी काठी

मी एक जुनी, रस्ता अडवणारी काठी आहे. उंचीला साडेसहा फूट, अंगावर काळेपांढरे पट्टे आणि डोक्याच्या जागी एक मोठी गोल पिवळी चकती. चकतीवर इंग्रजीत लिहिलं आहे, 'थांबा, मुलं'. शाळेसमोरचा रस्ता मुलांना ओलांडायचा असला, की एक माणूस मला हातात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहतो आणि दोन्हीकडच्या गाड्या थांबतात. माझा आकार पाहून इंग्लंडमधली मुलं मला लॉलिपॉप म्हणतात. मित्रांनो, मला आजवर कुणी चाटलेलं नाही. एकदा फक्त एका कुत्र्याने प्रयत्न केला होता.

आज मी तुम्हाला उदयराव टिपणीस यांची गोष्ट सांगणार आहे. मेडनहेड शहराच्या पलीकडे नदीकाठी ब्रॅमवेल नावाचं एक लहानसं गाव आहे, त्या गावचे ते शेरीफ होते. पण आधीच कबूल करते, ही गोष्ट अगदी सरळ मनाने सांगणं मला जमेलच असं नाही. कारण शेरीफसाहेबांच्या काठ्या दोन होत्या. गाव मोजायला बसलं की पहिली ती आणि दुसरी मी. अजूनही तिचं नाव निघालं की माझ्या पोकळ नळीत काहीतरी खदखदायला लागतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही चाळीस बहिणी एकाच दिवशी तयार झालो. नळी ॲल्युमिनियमची, चकती प्लास्टिकची. आमच्यात कौतुकासारखं काही नव्हतं. एका व्हॅनमधून मी ब्रॅमवेलच्या प्राथमिक शाळेत आले आणि तिथे पहिल्याच सकाळी उदयरावांच्या हातात पडले.

उदयराव तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. तरुणपणी ते मुंबईहून इकडे आले आणि स्लाऊमधल्या एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली. घरी बसून त्यांना करमेना. दिवसभर ते स्वयंपाकघरात येऊन डब्यांची झाकणं नीट लावत बसायचे. शेवटी त्यांच्या पत्नी, मधुमतीबाई, म्हणाल्या, "अहो, तुम्ही बाहेर काहीतरी काम बघा. नाहीतर मी बघते."

म्हणून ते लॉलिपॉपवाले झाले. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. गुडघ्यापर्यंत येणारा पिवळा कोट, डोक्यावर टोपी आणि हातात मी.

मित्रांनो, ती चौदा वर्षं मी कशी विसरेन? पकड अशी, की हातमोज्यातूनसुद्धा मला त्यांच्या बोटांची ऊब कळायची. त्यांना दीडशे मुलांची नावं पाठ होती. कुणाचा दात पडला, कुणाच्या घरी बाळ आलं, कुणाचं आज गणित आहे म्हणून पोट दुखतंय, सगळं त्यांना ठाऊक असायचं. 'टिपणीस' म्हणताना मुलांची जीभ वळायची नाही, म्हणून ती त्यांना 'मिस्टर टिप' म्हणायची. एका हिवाळ्यात एक व्हॅन थांबलीच नाही. उदयरावांनी पाठीने दोन मुलींना मागे रेटलं आणि मला पुढे केलं. व्हॅन माझी चकती घासून निघून गेली. चकतीची कड वाकली. संध्याकाळी त्यांनी खलबत्त्यातला बत्ता घेऊन ती हळूहळू ठोकून सरळ केली. प्रत्येक ठोक्याला ते म्हणत होते, "लागलं का गं?"

असं मला दुसऱ्या कुणी कधी विचारलं नाही.

आणि खंडेनवमीचा मान! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. उदयराव पाट मांडायचे आणि त्यावर त्यांचा जुना रंगाचा ब्रश, मधुमतीबाईंची कात्री आणि या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, मी. ते ओलं हळदकुंकू माझ्या दांड्याला लावायचे. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना ओल्या फडक्याने ते पुसलं की मी पुन्हा लख्ख. त्या दिवशी मला वाटायचं, जगात माझ्याएवढी भाग्यवान काठी दुसरी नाही.

मग आठव्या वर्षी ती आली.

इथला शेरीफ म्हणजे सिनेमातला पिस्तूलवाला नव्हे, बरं का. ब्रॅमवेलला फार जुन्या काळी एका राजाने सनद दिली होती. तेव्हापासून गावातल्या एका चांगल्या माणसाला एका वर्षासाठी शेरीफ निवडतात. पकडायला चोर नाहीत, डांबायला तुरुंग नाही. मे महिन्यात गावाच्या सीमेवरून चालायचं, अकरा सीमादगडांवर काठी टेकवायची, म्हातारे कुणी एकटे असतील त्यांची चौकशी करायची, एवढंच काम. पण मान मोठा. आणि तो मान असतो एका काठीत. पांढऱ्या लाकडाची, अडीचशे वर्षांची, टोकाला चांदीचं बोंड असलेली ती काठी तेव्हा वर्षभर शेरीफच्याच घरी राहायची. मधुमतीबाईंनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, मानाची काठी.

त्यांनी मुंबईला भावाला फोन लावला. "अरे, हे नगरपाल झाले! हो, हो, तुमच्या मुंबईला असतात ना, तसेच. टोपीसुद्धा आहे. पिसाची!"

मानाच्या काठीला दिवाणखान्यात मखमलीची बैठक मिळाली. मी दाराशी, ओल्या बुटांच्या शेजारी. येणारा जाणारा तिला बघायला यायचा. "वा! हात लावू का?" म्हणायचा आणि आपली छत्री माझ्या चकतीवर अडकवायचा.

मला हेवा वाटला. मित्रांनो, हेवा म्हणजे काय ते पुस्तकात वाचून कळत नाही. दुसऱ्याच्या अंगावर ऊन पडलं की आपल्याला चटका बसतो, तसं काहीतरी असतं ते. सकाळी सव्वाआठला उदयराव मला धरून चौकात उभे असायचे, तरी लोक गाडीची काच खाली करून ओरडायचे, "गुड मॉर्निंग, शेरीफ!" शेरीफ! पावसात उभी कोण आहे? मी. गाड्या थांबवतंय कोण? मी. आणि नाव तिचं! स्थानिक वर्तमानपत्रवाल्याने फोटो काढला तेव्हा तो म्हणाला, "सर, ती लॉलिपॉप जरा बाजूला ठेवता का?" उदयरावांनी ठेवली. एका कचऱ्याच्या डब्याला टेकून मी तो फोटो निघताना पाहिला.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर ती बसली. जागा पुरेना म्हणून मला फ्रिजला टेकवलं.

उदयरावांनी वाटीत कुंकू कालवलं.

"अहो, जुनं लाकूड आहे ते," मधुमतीबाई म्हणाल्या. "कोरडंच वाहा."

"अगं, हिला नाही का दरवर्षी लावतो? उद्या पुसलं की झालं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मानाच्या काठीला ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली.

मी प्लास्टिकची आणि ॲल्युमिनियमची. ती उघड्या, कोरड्या लाकडाची. दुसऱ्या दिवशी उदयरावांनी फडकं फिरवलं. मग साबण. मग बटाटा कापून घासला. कुंकू लाकडात मुरलं होतं. पाच लाल डाग, अडीचशे वर्षांच्या पांढऱ्या अंगावर.

काय सांगू तुम्हाला, मी किती खूश झाले! फ्रिजला टेकल्या टेकल्या मी मनातल्या मनात नाचत होते. मिरव आता! दाखव आता ते बोंड!

मग माझं लक्ष उदयरावांच्या हातांकडे गेलं. डाग जात नाहीत हे कळूनही ते बटाट्याची फोड घासत होते. व्हॅन अंगावर आली तेव्हा न चुकलेले ते हात आता थांबायचं विसरले होते. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मधू, त्यांनी विश्वासाने दिली होती गं."

मला तेव्हा पहिल्यांदा माझी लाज वाटली. मी तिला जखम झाली म्हणून हसत होते, पण दुखत होतं ते माझ्याच माणसाला. हेव्याला हे दिसत नाही.

ते स्वतः टाऊन हॉलमध्ये गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. तिथल्या टाऊन क्लार्क, म्हणजे गावच्या कचेरीचा कारभार पाहणाऱ्या, आहेत सारा. बोलतात इंग्रजीत, पण मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. साराबाईंनी चष्मा वर करून डाग बारकाईने पाहिले आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही हिची पूजा केलीत?"

"हो."

"अडीचशे वर्षांत कुणी केली नव्हती," सारा म्हणाल्या. "राहू देत."

आणि काय गंमत बघा! आता ती काठी टाऊन हॉलमध्येच ठेवतात आणि शाळेच्या सहली तिथे येतात, तेव्हा मुलांना ते पाच डाग मुद्दाम दाखवतात. तिच्या अंगावरचा डागसुद्धा दागिना झाला. माझ्या वाकलेल्या कडेची गोष्ट मात्र कुणाला सांगावीशी वाटली नाही. लाज वाटून चार दिवस झाले नसतील, तोच माझा हेवा पुन्हा ताजातवाना!

वर्ष संपलं, मानाची काठी पुढच्या शेरीफकडे गेली. मला वाटलं, सुटले. पण लोकांनी उदयरावांना शेरीफ म्हणणं सोडलं नाही. ती गेली, तिचं नाव माझ्या माणसाला चिकटून राहिलं.

पुढे शाळेसमोर दिवे आले. बटण दाबलं की लाल होतात, टुकटुक वाजतात. उदयराव तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. मुलांनी त्यांना स्वतः रंगवलेलं कार्ड दिलं, मोठ्यांनी फुलं दिली. मला परत न्यायला कुणी आलं नाही. मी घरामागच्या शेडमध्ये गेले, शिडी आणि गुंडाळलेल्या गालिच्याच्या मधे. अधूनमधून ते फुलझाडांची कात्री घ्यायला यायचे आणि जाता जाता माझ्या दांड्यावर दोनदा थोपटायचे. तेवढ्यावर मी महिनाभर काढायची.

मागच्या मार्चमध्ये एक आठवडा कुणीच शेडमध्ये आलं नाही. मग दार उघडलं ते त्यांच्या मुलीने, ईशिताने. ती जन्मली इकडेच, नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. तिचे डोळे सुजले होते. तिने खुर्च्या उचलल्या आणि मला न बघता ती निघून गेली. पण दार उघडंच राहिलं. स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकून मला कळलं, की उदयराव गेले.

सारा निरोपाची व्यवस्था सांगायला आल्या होत्या. शेरीफ झालेला माणूस वारला तर ब्रॅमवेलमध्ये एक रीत आहे. मानाची काठी घेऊन यंदाचा शेरीफ शवपेटीच्या गाडीपुढे पायी चालतो, घरापासून टाऊन हॉलपर्यंत. आणि ती काठी वाटेत थांबवायची नाही. ज्याने वर्षभर गावाची वाट राखली, त्याची वाट अडू नये, म्हणून.

"आणि त्यांची लॉलिपॉप?" मधुमतीबाईंनी विचारलं.

मी कान टवकारले. मला कान नाहीत, तरीही.

"आई, प्लीज," ईशिता म्हणाली. "तो काठी... ती काठी म्हणजे रोड साइन आहे. फ्युनरलला रोड साइन कोण नेतो? बाबांचं डिग्निटी आहे ना काहीतरी."

"एकच काठी पुढे चालते, अशी रीत आहे," सारा हळूच म्हणाल्या.

माझं तर सगळं संपलं. चौदा वर्षं एकीकडे, एक वर्ष दुसरीकडे, आणि शेवटच्या वाटेवर त्यांच्यासोबत ती! मला निदान मागून तरी चालायचं होतं. एवढंच हवं होतं मला, मित्रांनो, दुसरं काही नाही.

शुक्रवारी दुपारी घरासमोर माणसं जमली. तेवढ्यात शेडचं दार करकरलं. पांढरी साडी, वर काळा कोट, अशा मधुमतीबाई आत आल्या. त्यांनी माझ्या चकतीवर आपली शाल गुंडाळली आणि मला बाहेर काढलं.

"आई! हे काय?"

"गुडघे दुखतात माझे. हातात काहीतरी नको का धरायला?"

"आई, ती तुझ्यापेक्षा दीड फूट उंच आहे!"

"मग? काठीच आहे ना?"

ईशिता हसली आणि हसता हसता रडली. आम्ही निघालो. सर्वांत पुढे यंदाच्या शेरीफ, गावातल्या बेकरीवाल्या बाई, पिसाची टोपी घालून. त्यांच्या हातात मानाची काठी. मागे ती लांब काळी गाडी, गोगलगायीसारखी. तिच्यामागे साठसत्तर माणसं आणि त्यांच्यात मी. मी तिच्या चांदीच्या बोंडाकडे बघत होते आणि आतून जळत होते.

आमची गल्ली हाय स्ट्रीटला, म्हणजे गावच्या मुख्य रस्त्याला, मिळते तिथे रस्ता ओलांडून पलीकडे जायचं होतं. वाहतूक थांबवायला एक पोलीस येणार होता. साराबाईंचा फोन वाजला. मोटरवेवर अपघात झाला होता, पोलीस तिकडे गेला. आणि वेळ सव्वातीनची, शाळा नुकतीच सुटलेली. दोन्ही बाजूंनी गाड्यांची रीघ, मधे मोठमोठे ट्रक. दिव्यांचं बटण एका मुलाने दाबलं, पण ते दिवे थोडे पुढे, आणि तेवढ्या वेळात काळ्या गाडीचं नाकसुद्धा बाहेर पडलं नसतं.

बेकरीवाल्या बाईंनी मानाची काठी उंच केली. एक ट्रक गेला. त्यांनी ती हलवली. दुसरा गेला. ड्रायव्हरला एक बाई हातात पांढरी छडी घेऊन काहीतरी करतेय, एवढंच दिसत असणार.

मला आनंद झाला. हो, त्या क्षणीसुद्धा! उचल, आणखी उचल तुझं बोंड! बघू कोण थांबतं!

बाईंची चाल मंदावली. त्यांच्यामागे काळी गाडी मंदावली. आणि मग मला ती काचेतली पेटी दिसली, तिच्यावरची झेंडूची फुलं दिसली. मानाची काठी अडली तर उदयरावच अडणार होते.

"ईशिता, शाल काढ," मधुमतीबाई म्हणाल्या.

"आई, नाही! इट्स इल्लीगल. तुला परमिशन नाहीये, फाइन होईल!"

"होऊ दे. काढ."

ईशिताने साराबाईंकडे पाहिलं. सारा वळून खाटकाच्या दुकानाची काच वाचू लागल्या. "मी इथे सॉसेजचे भाव बघतेय," त्या म्हणाल्या. "मला दुसरं काही दिसत नाहीये."

शाल निघाली. मधुमतीबाईंनी मला याआधी कधी रस्त्यावर धरलं नव्हतं. त्यांची मूठ लहान, माझं डोकं जड. मी डुलत होते. पण त्या गर्दीतून पुढे गेल्या, फुटपाथवरून उतरल्या आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन त्यांनी मला दाणकन उभं केलं.

ट्रकचे ब्रेक किंचाळले. ट्रक थांबला. त्यामागची गाडी थांबली, समोरच्या बाजूची थांबली. शाळेच्या फाटकाशी मुलं सवयीने कडेला थांबली.

पहिल्यांदा ती गेली. मानाची काठी, माझ्यापासून हातभर अंतरावरून, न थांबता. मी उभी होते म्हणून तिची रीत मोडली नाही. ती जाताना मी पाहिलं, बेकरीवाल्या बाईंनी तिला परकी, नाजूक वस्तू धरावी तशी दोन बोटांत धरलं होतं. पुढच्या मे महिन्यात दुसरे हात, मग तिसरे. अडीचशे वर्षं, आणि तिला एकही हात चौदा वर्षं मिळालेला नाही.

मग काळी गाडी आली. इतकी वर्षं उदयरावांनी मला धरून सगळं गाव पलीकडे नेलं, पण स्वतः ते कधीच पलीकडे गेले नाहीत. मुलं गेली की ते परत आपल्याच फुटपाथवर यायचे. त्या दिवशी मी उभी राहिले आणि ते पलीकडे गेले.

"या हो," मधुमतीबाई म्हणाल्या, अगदी हळू. "रस्ता मोकळा आहे."

शेवटचा माणूस ओलांडेपर्यंत त्यांनी मला हलू दिलं नाही.

आता मी शेडमध्ये नाही. घरात, दाराच्या आत उभी असते. मित्रांनो, तुमच्या घरातही दाराआड, कोपऱ्यात रोजचं काम करून झिजलेली एखादी वस्तू असेल. माणूसही असेल. सणावाराची चांदी आपण आठवणीने पुसतो. या झिजलेल्यांवरूनही कधीतरी हात फिरवा. त्यांना फार लागत नाही, दोनदा थोपटलंत तरी महिना निघतो. आणि कधी कुणाचा हेवा वाटला तर वाटू द्या, तो कुणाला चुकत नाही. फक्त तो आपल्या माणसाची वाट अडवून उभा राहत नाही ना, तेवढं बघा.

दर रविवारी मधुमतीबाई ओल्या फडक्याने माझी चकती पुसतात आणि पुसताना माझ्याशी मुंबईच्या भावाच्या तक्रारी बोलतात. टाऊन हॉलमधल्या काचेच्या पेटीत मानाची काठी आहे. तिला वर्षातून एकदा, पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस येऊन, एक शब्द न बोलता पुसतो म्हणे. मला वाटतं, हल्ली तिला माझा हेवा वाटत असेल.

वाटू दे. थोडासा.